झेंडा सगळ्यात शेवटी: फुटबॉलच्या चाहतागटात एलजीबीटी मित्रमैत्रिणींना सामावून घेण्याची पद्धत

दरवर्षी जून, म्हणजे एलजीबीटी (समलिंगी, उभयलिंगी, ट्रान्स) लोकांचा प्राइड महिना, उजाडला की दोन-तीन चाहतागटांचे फोन येतात. "दादा, यंदा लोगो इंद्रधनुष्याच्या रंगात करतोय, पोस्टमध्ये काय लिहू?" मी उलट विचारतो, "मागच्या सामन्यात समोरच्या गोलकीपरला काय म्हणून ओरडत होता?" पलीकडे शांतता.

मी फुटबॉल बघायला शिकलो कोल्हापुरात, शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर. आता पुण्यात एका इंग्लिश क्लबच्या चाहत्यांसाठी स्क्रीनिंग भरवतो. दोन्हीकडे एक गोष्ट सारखीच दिसली: स्टँडमधला माणूस वाईट नसतो, पण त्याच्या तोंडाला सवय लागलेली असते. आणि गट चालवणारे नेमके उलट्या टोकाने सुरू करतात. आधी इंद्रधनुषी झेंडा, मग पोस्ट, मग कुणाला तरी माइकवर बोलावून टाळ्या. त्या टाळ्यांनंतर वीस मिनिटांत पंचाने पेनल्टी नाकारली की तोच स्टँड तीच जुनी शिवी घालतो. ज्याला बोलावलं होतं तो पुन्हा येत नाही. झेंडा बघून आलेल्या माणसाला ती शिवी जास्त लागते, कारण तो भरवशाने आलेला असतो.

म्हणून खालचा क्रम. पब किंवा कॅफेत स्क्रीनिंग भरवणारे, स्टेडियममध्ये ढोल घेऊन बसणारे, टर्फवर रविवारी खेळणारे, तिघांनाही तो चालेल. टप्पे उलटसुलट करू नका.

सुरू करण्याआधी

हाताशी दोन-तीन जबाबदार माणसं हवीत, त्यात किमान एक बाई. सहा ते आठ आठवडे हवेत. आणि ढोल ज्याच्या हातात आहे त्याची संमती हवी. गटाचा अध्यक्ष कुणीही असो, स्टँडमध्ये सत्ता ढोलवाल्याची आणि पहिली ओळ उचलणाऱ्याची असते. या दोघांना बाजूला ठेवून केलेला ठराव व्हॉट्सअॅपवरच राहतो.

*सावधान:* गटात एखादा उघडपणे गे असलेला मित्र असेल, तर हे सगळं काम त्याच्या गळ्यात घालू नका. तो सामना बघायला येतो, आपली शाळा घ्यायला नाही. त्याला वाटलं तर तो स्वतः पुढे येईल.

टप्पा १: तीन सामने नुसतं ऐका

काहीही जाहीर न करता तीन सामने निवडा. एक सोपा, एक कट्टर प्रतिस्पर्ध्याशी, आणि एक असा की ज्यात आपण हरण्याची शक्यता दाट आहे. जिंकताना सगळेच सभ्य असतात. खरी भाषा हरताना बाहेर पडते.

कागदावर पाच रकाने करा: मिनिट, शब्द किंवा हावभाव, कुणाला उद्देशून, किती जणांनी म्हटलं, किती जण हसले. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. एकट्याने ओरडलेली शिवी विझून जाते, पण वीस जण हसले की पुढच्या सामन्यात तिचा चँट, म्हणजे सगळ्यांनी तालात म्हणायची आरोळी, होतो.

मिनिटाचा रकाना का, हे मेक्सिकोवरून कळतं. त्यांच्या चाहत्यांची ती कुप्रसिद्ध समलिंगीद्वेषी आरोळी एका ठरलेल्या क्षणी येते, समोरचा गोलकीपर गोलकिक मारतो तेव्हा. फिफाने त्यावरून मेक्सिकोच्या संघटनेला वारंवार दंड केला, २०२१ मध्ये प्रेक्षकांविना सामना खेळायला लावला. तरी जून २०२३ मध्ये लास वेगासला अमेरिकेविरुद्धच्या नेशन्स लीग उपांत्य सामन्यात पंचांना आधी खेळ थांबवावा लागला आणि शेवटी तो वेळेआधीच संपवावा लागला. दंडाने सवय गेली नाही. पण आरोळीचा क्षण ठरलेला असेल तर त्या क्षणापुरती आपली तयारीही ठरवता येते. तुमच्या कागदावर असे दोन-तीन क्षण नक्की सापडतील.

नुसते शब्द टिपून भागत नाही. आपल्याकडचा निम्मा मामला हावभावांचा असतो. बायल्या, छक्का, मीठा हे शब्द तर आहेतच, पण खेळाडू धक्का लागून पडला की आडव्या हाताची टाळी वाजवून दाखवणारे किती आहेत ते मोजा. "बांगड्या भर" हेही त्याच कागदावर घ्या. तो टोमणा बाईला कमी लेखून पुरुषाला हिणवतो, आणि बायल्या म्हणण्यामागचं गणित तेच आहे.

व्हॉट्सअॅपवरचे स्टिकर आणि मीम वेगळ्या कागदावर. तिथे सहसा तेच चार हात सापडतात.

*तपासणी:* तीन सामन्यांनंतर कागद कोरा असेल तर तुमचा स्टँड साधुसंतांचा आहे असं समजू नका. तुम्ही चुकीच्या जागी उभे होता. मागच्या ओळीत किंवा ढोलाजवळ जाऊन पुन्हा ऐका.

टप्पा २: विचारा, पण कुणाला उघडं पाडू नका

इथे पहिलं वाक्य ऐकू येतं, "पण आपल्यात तसं कुणी नाहीच." इंग्लिश फुटबॉलपटू जस्टिन फॅशनू यांनी १९९० मध्ये आपण गे असल्याचं जाहीर केलं. त्यानंतर ब्रिटनमधल्या व्यावसायिक पुरुष फुटबॉलमध्ये, खेळत असताना, हेच सांगणारा पुढचा खेळाडू आला तो मे २०२२ मध्ये: ब्लॅकपूलचा सतरा वर्षांचा जेक डॅनियल्स. मधली बत्तीस वर्षं इंग्लंडच्या सगळ्या ड्रेसिंग रूममध्ये एकही गे माणूस नव्हता, असं कुणी शहाणा म्हणेल का? तुमच्या ऐंशी जणांच्या गटातही "कुणी नाही" याचा अर्थ "कुणी सांगितलेलं नाही" एवढाच.

विचारायला गूगल फॉर्म सोयीचा. पण बहुतेक गट तिथेच घोळ घालतात. हे बघून घ्या:

१. ईमेल गोळा करण्याची सोय बंद करा.
२. "एका व्यक्तीचा एकच प्रतिसाद" ही मर्यादाही बंद ठेवा. ती चालू असली की फॉर्म भरणाऱ्याला आपल्या खात्यातून आत यावं लागतं, आणि ते बघूनच ज्याला भीती वाटते तो फॉर्म बंद करतो.
३. नाव, वय, परिसर, नोकरी काहीही विचारू नका. छोट्या गटात "कोथरूड, २६, आयटी" एवढ्यावरून माणूस ओळखता येतो.
४. "तुम्ही एलजीबीटी आहात का?" हा प्रश्न नकोच. फॉर्म सगळ्यांनी भरायचा आहे.
५. उत्तरं एकाच माणसाने वाचायची. उत्तरांच्या शीटची लिंक कमिटीच्या ग्रुपवरसुद्धा फिरवायची नाही.

प्रश्न तीन पुरे. आपल्या स्टँडमध्ये किंवा ग्रुपवर काय ऐकून तुम्हाला निघून जावंसं वाटलं? कुठल्या कारणाने तुम्ही एखाद्या मित्राला किंवा मैत्रिणीला सोबत आणायचं टाळता? एकच गोष्ट बदलायची तर कुठली?

आमच्याकडे दुसऱ्या प्रश्नाला सगळ्यात जास्त उत्तरं आली, आणि त्यातली बरीचशी "बहिणीला आणत नाही", "बायकोला आणत नाही" अशी होती. हे लक्षात ठेवा, पुढे विरोध झाला की उपयोगी पडतं. ज्या स्टँडमध्ये गे मुलाला बसवत नाही, त्यात आपल्या बहिणीलाही बसवत नाही.

यापुढे गरज वाटली तर मुंबईच्या हमसफर ट्रस्टसारख्या, या कामातल्या जुन्या संस्थेशी बोला. त्यांच्याकडे जाताना "तुम्ही येऊन भाषण द्या" असं न म्हणता टप्पा १ चा कागद सोबत न्या आणि त्यावर बोला.

टप्पा ३: नियम सहा ओळींचा, त्याहून मोठा नको

लांबलचक आचारसंहिता कुणी वाचत नाही. आम्ही वापरतो तो मजकूर असा. हवा तर तसाच उचला:

"आपल्या गटात कुणाच्या लिंगावरून, लैंगिकतेवरून, जातीवरून, धर्मावरून किंवा रंगावरून शिवी, चँट, हावभाव, स्टिकर चालणार नाही. समोरच्या संघाच्या खेळाडूंबद्दल आणि चाहत्यांबद्दलही नाही. पहिल्यांदा सांगू. दुसऱ्यांदा त्या दिवशी बाहेर जावं लागेल. तिसऱ्यांदा हंगाम संपेपर्यंत बाहेर. अॅडमिन आणि ढोलवाले यांनाही हेच लागू."

जात आणि धर्म त्यात का? एक तर ते चुकीचं आहे म्हणून, आणि दुसरं, "फक्त त्यांच्यासाठीच वेगळा नियम का" हा वाद सुरू होण्याआधीच संपतो म्हणून.

दुसरा वाद हमखास येतो: "ही नुसती गंमत आहे, फुटबॉलमध्ये चालतं." इंग्लंडमध्ये हीच सबब कितीतरी वर्षं चालली. चेल्सीच्या खेळाडूंना आणि चाहत्यांना पैसे घेऊन शय्यासोबत करणारी पोरं म्हणून हिणवणारा एक चँट तिथे सर्रास म्हटला जायचा. ऑगस्ट २०२१ मध्ये नॉर्विचला लिव्हरपूलच्या काही चाहत्यांनी तो चेल्सीकडून नॉर्विचकडे उसना आलेल्या बिली गिल्मोरवर म्हटला. लिव्हरपूलचे प्रशिक्षक युर्गन क्लॉप यांनी क्लबच्याच एलजीबीटी चाहतागटाच्या, म्हणजे कॉप आउट्सच्या, संस्थापकांसोबत कॅमेऱ्यासमोर बसून सांगितलं की हे आम्हाला नको. जानेवारी २०२२ मध्ये तिथल्या सरकारी अभियोग विभागाने स्पष्ट केलं की हा चँट समलिंगीद्वेषी आहे आणि त्यावर खटला भरता येतो. क्लॉपनी जे केलं त्यातली पद्धत बघा: परक्या चाहत्यांना उपदेश केला नाही, आपल्याच लोकांना सांगितलं, आणि ज्यांना लागतं त्यांच्या शेजारी बसून सांगितलं.

तिसरा वाद पबचा मालक घालतो: "हे कायद्यात बसतं ना? उगाच लफडं नको." त्याला थोडक्यात सांगा की प्रौढांच्या संमतीने असलेले समलिंगी संबंध हा गुन्हा नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ लाच सांगितलंय. आणि ट्रान्स व्यक्तीला सार्वजनिक जागेत येण्यापासून अडवणं हा २०१९ च्या कायद्याखाली गुन्हा आहे. लफडं अडवल्याने होईल, येऊ दिल्याने होणार नाही.

*सावधान:* नियम जाहीर केल्यावर पहिली कारवाई कुणावर होते याकडे सगळ्यांचे डोळे असतात. ती एखाद्या नव्या पोरावर झाली आणि जुना दोस्त सुटला, तर नियम त्याच दिवशी मेला.

टप्पा ४: चँट बंद करू नका, बदला

हा टप्पा सगळ्यात लांबलचक आहे, आणि मजेचाही.

शिव्या बंद म्हटलं की स्टँड गार पडतो. आम्ही पहिल्या महिन्यात हेच केलं. "हे म्हणू नका, ते म्हणू नका" अशी यादी लावली. पोरं दबकून बसली, आणि तिसऱ्या सामन्यात बिअर पोटात गेल्यावर दुप्पट जोराने सुटली. रिकामी जागा सोडली की तिथे जुनीच शिवी परत येते.

तेव्हा आधी एक चाळणी लावा: या टोमण्यातला अपमान कशावर उभा आहे? "तुझा पाय वाकडा", "गोलपोस्ट तुझ्या आत्याच्या अंगणात आहे का", "पंचाला चष्मा द्या रे" यात अपमान खेळावर उभा आहे. भरपूर चालू द्या. "बायल्या" मध्ये अपमान कुणीतरी बायकी असण्यावर उभा आहे, म्हणजे मैदानातल्या खेळाडूपेक्षा तो आपल्याच मागच्या ओळीतल्या पोराला लागतो. तो काढा.

मग पुढची कामं क्रमाने:

१. टप्पा १ च्या कागदावरचे जे दोन-तीन ठरलेले क्षण आहेत, त्या प्रत्येकासाठी एक नवी आरोळी तयार करा. सगळ्या क्षणांना मिळून एक चालत नाही.

२. नवी आरोळी जुनीपेक्षा लांब नको. जुनी तीन अक्षरांची असेल तर नवीही तीन-चार अक्षरांचीच. श्वास तेवढाच लागला पाहिजे, ताल तोच बसला पाहिजे. गोलकिकच्या वेळी आमची पोरं आता लांब सूर लावून "गेला, गेला, गेलाऽऽ" ओरडतात. चेंडू खरंच बाहेर गेला की स्टँड पेटतो. यात काव्य काही नाही, पण चालतं.

३. ती विनोदी हवी. "आदर करा, प्रेम करा" छापाची घोषणा लिहिलीत तर पहिली टर तिचीच उडेल. विनोदाला विनोदानेच हलवता येतं. लिहायचं काम कमिटीला देऊ नका. जो पोरगा सगळ्यात बेक्कार शिव्या घालतो त्यालाच द्या. त्याच्याकडे तालाची जाण असते, आणि स्वतःचा चँट स्टँडने उचलला की तो त्याचा राखणदार होतो.

४. ढोलवाल्याशी खूण ठरवा. जुना चँट सुरू झाला की त्याने ठेका तोडायचा आणि लगेच दुसरा धरायचा. नुसतं थांबून चालत नाही, कारण ढोल थांबला तर आवाज उघड्यावर येतो आणि आणखी मोठा ऐकू येतो. ठेका मोडून नवा धरला की विसेक सेकंदांत ओळ विस्कटते. या सगळ्या लेखातली एकच युक्ती उचलायची तर ही उचला.

५. नव्या आरोळीचा सराव सामन्याआधी, खेळाडू वॉर्मअप करत असताना घ्या. ऐन पेनल्टीला शिकवायला जाऊ नका.

*तपासणी:* तीन सामन्यांनी पुन्हा तोच कागद भरा. "किती जणांनी म्हटलं" हा आकडा लगेच उतरणार नाही. "किती जण हसले" हा आधी उतरतो. तो उतरला असेल तर दिशा बरोबर आहे.

टप्पा ५: दहा सेकंदांचं उत्तर पाठ करा

शेजारचा माणूस काहीतरी बोलतो, आपल्याला खटकतं, आणि शब्द सुचेपर्यंत क्षण निघून जातो. म्हणून वाक्यं आधीच ठरवून ठेवा. छोटी, ओळखीच्या सुरातली, भाषणाचा वास न येणारी.

ओळखीच्याला: "भावा, हे इथं नाही." एवढंच. पुढे काही नाही, आणि नजर परत मैदानावर. वाद घालायला त्याला जागाच उरत नाही.

वयाने मोठ्या माणसाला: "काका, पोरं मागे आहेत, शब्द तेवढा बदला." काकांना तत्त्वज्ञान नको असतं, मान राखून बाहेर पडायची वाट हवी असते.

अनोळखी, प्यायलेल्याला: एकट्याने काहीच बोलू नका. जबाबदार माणसाला हात करा, दोघांनी जा, आणि विषय बदला. "बसा ना, कॉर्नर आहे."

ग्रुपवर: ज्याने स्टिकर टाकला त्याला आधी वैयक्तिक मेसेज. सगळ्यांसमोर ओढलंत तर तो स्टिकरचा मुद्दा सोडून इज्जतीवर येतो.

सामन्याआधी तिघाचौघांनी ही वाक्यं एकदा मोठ्याने म्हणून बघा. हसू येईल, येऊ द्या. पण तोंडातून एकदा निघालेलं वाक्य गर्दीत आपोआप निघतं.

टप्पा ६: फोटो, नंबर, गेट

आता आमची सगळ्यात मोठी चूक. काही वर्षांपूर्वी आम्हीही जूनमध्ये झेंडा धरून ग्रुप फोटो काढला आणि हौसेने सगळ्यांना टॅग केलं. एका मुलाच्या आत्तेभावाने तो बघितला. घरी काय झालं ते मी इथे लिहीत नाही. तो आमच्याकडे परत आला नाही, आणि त्याचा नंबर बंद झाला. आमच्यातला एकही जण त्याच्या वाईटावर नव्हता. नुकसान झालं ते आमच्या उत्साहाने.

तेव्हापासूनची पद्धत:

फोटो काढताना दोन फोटो काढायचे. एक सगळ्यांचा, जो फक्त ग्रुपवर राहतो. दुसरा बाहेर टाकायचा, त्यात ज्याला यायचं तोच येईल, आणि झेंडा हातात असेल तर पुन्हा एकदा विचारायचं. टॅग कुणीही कुणाला करायचं नाही, ज्याने त्याने स्वतःला करावं. लाइव्ह व्हिडिओ फक्त स्क्रीनचा किंवा मैदानाचा, मागे वळून गर्दीवर कॅमेरा फिरवायचा नाही.

मोठ्या व्हॉट्सअॅप ग्रुपमध्ये सगळ्यांना सगळ्यांचे नंबर दिसतात, आणि नव्या माणसासाठी हीच पहिली भीती असते. सामन्याच्या सूचना कम्युनिटीच्या घोषणा-ग्रुपवरून द्या, तिथे सभासदांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत. गप्पांचा ग्रुप वेगळा, ज्याला हवं त्याने यावं.

स्टेडियमला जाणार असाल तर गेटचा विचार आधी करा. झडतीसाठी पुरुषांची रांग वेगळी, बायकांची वेगळी असते. ट्रान्स मैत्रीण सोबत असेल तर तिला कुठल्या रांगेत जायचं आहे ते तिला विचारा, आणि आयोजकांशी एक दिवस आधी बोलून ठेवा. ऐन रांगेत, चारशे लोकांसमोर, रक्षकाशी हुज्जत घालायची वेळ आणू नका. तिकिटावर एक नाव आणि ओळखपत्रावर दुसरं असण्याचीही शक्यता असते. एकत्र तिकिटं काढताना ते ध्यानात ठेवा आणि कारण विचारू नका. स्क्रीनिंगच्या जागेत सगळ्यांना वापरता येईल असं एखादं स्वच्छतागृह आहे का ते आधी जाऊन बघा. नसेल तर ते आमंत्रण देतानाच सांगून टाका.

टप्पा ७: पहिला सामना

रात्री साडेबाराची किंवा दीडची चॅम्पियन्स लीग पहिल्या खेपेला नको. घरी परतायचा प्रश्न सगळ्यांनाच असतो, काहींना जास्त असतो. प्रीमियर लीगचा संध्याकाळी साडेसात-साडेआठचा सामना बरा.

आमंत्रण सगळ्यांना एकच जाऊ द्या. त्याच्या शेवटी नियमाच्या सहा ओळी आणि एका जबाबदार माणसाचा नंबर. "एलजीबीटी मित्रांचं खास स्वागत" असं लिहिण्याचा मोह होईल. आवरा. नियम वाचून ज्याला कळायचं त्याला कळतं.

आलेल्या माणसाशी काय बोलायचं? "कोण सुरू करेल असं वाटतं आज मिडफिल्डला?" एवढंच. तो फुटबॉल बघायला आलाय.

या गोष्टी करू नका, प्रत्येक एकदा तरी झालेली मी बघितली आहे: माइकवर नाव घेणं. "आम्हाला काही प्रॉब्लेम नाही हं" असं सांगणं (प्रॉब्लेम कुणी विचारलाच नव्हता). मुलीला ऑफसाइड समजावणं. दोन मुलं सोबत आली की "तुम्ही दोघं…?" असं अर्धवट विचारणं. ट्रान्स व्यक्तीला जुनं नाव विचारणं. आणि गोल झाल्यावर बाकी सगळ्यांना मिठ्या मारून तिच्याशी मात्र हस्तांदोलन करणं. यातली शेवटची गोष्ट सगळ्यात जास्त लक्षात राहते.

टर्फवर खेळणाऱ्यांसाठी एवढंच की "शर्ट विरुद्ध उघडे" असे संघ पाडू नका, बिब (शर्टावरून घालायचं रंगीत बनियन) वापरा. शंभर रुपयांची बिब किती जणांना मैदानात आणते ते बघाल. इम्फाळच्या 'या ऑल' संस्थेने २०२० मध्ये ट्रान्स पुरुषांचा संघच उभा केला. आपल्याला निदान रविवारच्या खेळात एक जागा मोकळी करता येईल.

*तपासणी:* किती एलजीबीटी लोक आले हे मोजायला जाऊ नका, ते दिसत नसतं आणि बघायचंही नसतं. पहिल्यांदा आलेल्यांपैकी किती जण दुसऱ्यांदा आले, ते मोजा.

टप्पा ८: आता झेंडा

इथवर आला असाल तर खुशाल लावा. स्टेडियमच्या आयोजकांकडून आकार आणि काठीबद्दल आधी विचारून घ्या, परवानगी लेखी घ्या, आणि ती फोनमध्ये ठेवा. २०२२ च्या कतार विश्वचषकात वेल्सच्या चाहत्यांच्या इंद्रधनुषी टोप्या गेटवर काढून घेतल्या गेल्या होत्या. त्याच स्पर्धेत सात युरोपीय संघांनी कर्णधाराची भेदभावाविरुद्धची 'वन लव्ह' दंडपट्टी पिवळ्या कार्डाच्या धाकाने ऐनवेळी मागे घेतली. तोंडी आश्वासन गेटवर चालत नाही.

झेंडा क्लबच्या झेंड्याशेजारी, नेहमीच्या जागी. हंगामभर राहू द्या. फक्त जूनमध्ये लावायचा असेल तर लावूच नका. जूनमध्ये लीगला सुट्टीच असते, बघणार कोण?

टप्पा ९: तरीही काही घडलं तर

घडेल. क्रम असा ठेवा.

१. ज्याला बोललं गेलं त्याच्याजवळ आधी जा. ज्याने बोललं त्याच्याकडे नंतर.
२. विचारा: "बसायचं आहे, जागा बदलायची आहे, की निघायचं आहे?" निघायचं असेल तर एक जण गाडीपर्यंत सोबत.
३. लगेच लिहून ठेवा: वेळ, स्टँड, ओळ, नेमके शब्द, साक्षीदार. नंतर आठवून लिहिलेल्या तक्रारीत शब्द बदलतात.
४. स्टेडियम असेल तर स्टुअर्ड किंवा आयोजक, पब असेल तर व्यवस्थापक.
५. पोलिसांत जायचं की नाही हे त्या व्यक्तीने ठरवायचं. तक्रारीत नाव-पत्ता येतो, घरी फोन जाऊ शकतो. तुमच्या संतापाची किंमत त्याने मोजू नये.
६. व्हिडिओ सोशल मीडियावर टाकायचा नाही. त्यात शिवी देणाऱ्याबरोबर शिवी खाणाराही दिसतो.
७. नियमातली कारवाई त्याच आठवड्यात करा आणि ग्रुपवर नाव न घेता कळवा: "शनिवारी नियम मोडला गेला, कारवाई झाली."

हाणामारी करायची नाही, हे वेगळं सांगायला नको. पण सांगतो, कारण आमच्यातल्या एकाने केली होती, आणि मग सगळी चर्चा त्याच्या फुटलेल्या ओठावर गेली.

हंगाम संपला की टप्पा १ चा कोरा कागद, सहा ओळींचा नियम आणि ढोलाची खूण ही तिन्ही पुढच्या वर्षीच्या टीमकडे हातात द्या. ढोलवाला बदलणार असेल तर जुन्याने नव्याला एका सराव सामन्यात शेजारी बसवून ठेका कधी तोडायचा ते दाखवायचं. आमचा नवा ढोलवाला पहिल्या सामन्यात खूण विसरला आणि ठेका मोडायच्या जागी आणखी जोरात बडवत बसला. ऑगस्टच्या पहिल्या सामन्याआधी हे आटपा.